उत्तर तपासता येतं, म्हणजे समीकरणही मांडता येतं

प्रश्न : मी दहावीत आहे. आमचं गाव दाभोळच्या खाडीकाठी. ‘अंतर = वेग × वेळ’ हे सूत्र मला पाठ आहे आणि आठवीपर्यंतची गणितं सुटायची. आता बीजगणितात शाब्दिक उदाहरण आलं की क्ष कशाला मानायचं आणि समीकरण कुठून आणायचं, तेच कळत नाही. सरांनी फळ्यावर सोडवलं की सगळं पटतं, पण घरी स्वतः करायला बसले की वही कोरी राहते. काय करू?

उत्तर :

तुझ्या प्रश्नातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं. ‘फळ्यावर सोडवलं की सगळं पटतं.’ याचा अर्थ कुणी उत्तर समोर ठेवलं तर ते बरोबर की चूक, हे तुला ठरवता येतं. रत्नागिरी जिल्ह्यात अठ्ठावीस वर्षं मी आठवी ते दहावीला गणित शिकवतोय, आणि वही कोरी ठेवणाऱ्या बहुतेक मुलांचं दुखणं हेच असतं. तपासता येतं, मांडता येत नाही. ही दोन कामं वेगळी आहेत असं तुला वाटतंय, पण ती एकच आहेत. समीकरण म्हणजे उत्तराची तपासणी, जी आपण उत्तर सापडण्याआधीच, त्याच्या जागी एक अक्षर ठेवून करतो. हे एकदा हाताखालून गेलं की पुढचं सगळं सोपं होतं, म्हणून आधी ते करून बघू. (तुमच्या पुस्तकात इंग्रजी अक्षरं असतात. मी इथे क्ष, य लिहितो. अक्षर कुठलंही चालतं.)

समज, सकाळी ६ वाजता एसटी गावातून सुटली, वेग ताशी ४० किमी. तू गाडीत आणि हॉलतिकीट घरी. दादा सव्वासहाला मोटारसायकल काढून मागे निघाला, वेग ताशी ६० किमी. तो एसटीला किती वाजता गाठेल?

क्ष बाजूला ठेव. आधी सरळ अंदाज कर. साडेसहाला गाठेल म्हणतेस? बघू. साडेसहापर्यंत एसटी अर्धा तास चालली, म्हणजे २० किमी गेली. दादाला पाव तास मिळाला, तो १५ किमी आला. अजून ५ किमी मागे आहे, म्हणजे साडेसहा चूक. मग ७ वाजता? एसटी ४० किमीवर. दादा पाऊण तासात ४५ किमी, ५ किमी पुढे निघून गेला. हेही चूक, पण उत्तर या दोन वेळांच्या मध्ये कुठेतरी आहे हे कळलं.

आता तू दोन्ही वेळा काय केलंस ते शब्दांत सांग. एसटी सुटल्यापासून किती तास झाले ते धरलंस. त्याला ४० ने गुणलंस. त्याच तासांतून पाव तास काढून उरलेल्याला ६० ने गुणलंस. आणि दोन्ही गुणाकार सारखे येतात का ते पाहिलंस. हेच वाक्य पुन्हा लिही, फक्त ‘किती तास’ या शब्दांच्या जागी क्ष ठेव :

४०क्ष = ६०(क्ष − १/४)

झालं समीकरण. ते तुझ्या तपासणीतच होतं. सोडवलंस तर २०क्ष = १५, म्हणून क्ष = ३/४ तास. पावणेसात वाजता, गावापासून ३० किमीवर दादा हॉलतिकीट हातात देईल.

अंदाज लावायला मुलं लाजतात. त्यांना वाटतं, हे बालवर्गातलं काम. माझ्या वर्गात मी पहिला अंदाज मुद्दाम चुकीचाच घ्यायला सांगतो. बरोबर अंदाज लागला तर उत्तर मिळतं आणि शिकायचं राहून जातं. चुकीचा अंदाज तपासताना मात्र हात ज्या क्रमाने चालतो, तो क्रमच समीकरण असतो. अडलीस की एक अंदाज घे, तपासणीची प्रत्येक पायरी कागदावर मांड आणि मधली उत्तरं काढू नकोस. ‘४० × १/२’ तसंच ठेव, २० लिहू नकोस. २० लिहिलंस की आकडा कुठून आला ते झाकलं जातं आणि मग क्ष ठेवायला जागा सापडत नाही.

सूत्राबद्दल एक सांगायला हवं. सुरुवातीची काही वर्षं मीही मुलांना तो त्रिकोण शिकवत असे. वर अंतर, खाली वेग आणि वेळ, हवं ते बोटाने झाका. मुलं पटापट उत्तरं द्यायची आणि मला समाधान वाटायचं. नववी-दहावीत तीच मुलं अडायची, कारण त्यांची समजूत झालेली असायची की सूत्र हेच समीकरण. सूत्राने फक्त एक गोष्ट होते, दोन माहीत असतील तर तिसरी लिहिता येते. एसटीच्या गणितात सूत्र दोनदा वापरलं, एकदा एसटीसाठी आणि एकदा दादासाठी. समीकरण मात्र ‘गाठलं’ या शब्दातून आलं. गाठलं, म्हणजे दोघं गावापासून सारख्याच अंतरावर आहेत. ती बरोबरी गोष्टीत असते, सूत्रात नसते. मी तो त्रिकोण शिकवणं सोडून दिलं.

ही बरोबरी हमखास सापडावी म्हणून वहीत तीन स्तंभ आख : अंतर, वेग, वेळ. जितके प्रवास, तितक्या ओळी. उदाहरण वाचत वाचत दोन स्तंभ भरायचे, कुठे दिलेला आकडा तर कुठे क्ष. तिसरा स्तंभ सूत्राने भरायचा. आता लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट : समीकरण जवळजवळ नेहमी त्या तिसऱ्या स्तंभातूनच निघतं. एसटीच्या गणितात वेग आणि वेळ आधी भरले, अंतर सूत्राने भरलं, म्हणून समीकरण अंतरांचं झालं. अंतर आणि वेग आधी भरलेस तर समीकरण वेळेचं होईल. उदाहरणातलं जे वाक्य अजून वापरलेलं नाही, ते शोध. ‘एक तास जास्त लागतो’, ‘एकूण तीन तास लागले’, ‘दोघांमधलं अंतर ९० किमी होतं’, असं एखादं वाक्य शिल्लक उरलेलंच असतं, आणि ते बहुतेक त्या तिसऱ्या स्तंभाबद्दलच बोलत असतं.

क्ष कशाला मानायचं, तर ज्याचा अंदाज घेतलास त्याला. बहुतेक वेळा जे विचारलंय तेच. पण ते पूर्ण वाक्यात लिही. ‘क्ष = वेळ’ एवढंच लिहिलेल्या वह्या मी शेकड्यांनी तपासल्या आहेत. कुणाची वेळ? कधीपासून? तासांत की मिनिटांत? ‘क्ष = एसटी सुटल्यापासून दादाने गाठेपर्यंतचा वेळ, तासांत’ असं लिहिलंस की दादाची वेळ क्ष + १/४ की क्ष − १/४, हा घोळ होतच नाही. आणि क्ष म्हणजे दादाची वेळ मानलीस तरी काही बिघडत नाही, तेव्हा समीकरण ६०क्ष = ४०(क्ष + १/४) होईल, क्ष = १/२ येईल आणि सव्वासहात अर्धा तास मिळवून पुन्हा पावणेसातच वाजतील. उत्तर तपासायची ही फार चांगली रीत आहे : क्ष बदलून तेच गणित पुन्हा कर.

आता वर्गसमीकरणाकडे. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक बदलतं हे तुला माहीत आहे. डोंगर कापून काढलेल्या मार्गावर दरडींचा धोका असतो, म्हणून गाड्यांचा वेग कमी ठेवतात. मुसळधार पावसात समोरचं नीट दिसेनासं झालं, तर चालकाने ताशी ४० किमीच्या वर जायचं नाही अशी सूचना असते. त्यावरून उदाहरण करू. आकडे माझे, सोयीचे आहेत : २४० किमीच्या प्रवासात गाडीचा वेग पावसाळ्यात ताशी २० किमीने कमी होतो आणि प्रवासाला १ तास जास्त लागतो. एरवीचा वेग किती?

अंदाज : ६०. एरवी लागणारा वेळ २४० ÷ ६०. पावसाळ्यातला वेळ २४० ÷ (६० − २०). दुसऱ्यातून पहिला वजा केला, ६ − ४ = २ तास. हवा होता १ तास. चूक. पण क्रम मिळाला :

२४०/(क्ष − २०) − २४०/क्ष = १

बघ, अंतर आणि वेग आधी भरले गेले, म्हणून समीकरण वेळेचं झालं. ‘१ तास जास्त’ हे वाक्य शिल्लक होतं, तेच इथे कामाला आलं. मुलं इथे एक चूक सर्रास करतात : कुठल्यातून कुठलं वजा करायचं ते उलटं लिहितात. स्वतःला विचार, हळू जाणाऱ्या गाडीला जास्त वेळ लागतो ना? मग लहान छेदाचा अपूर्णांक मोठा, तो आधी लिहायचा.

दोन्ही बाजूंना क्ष(क्ष − २०) ने गुणलं की २४०क्ष − २४०(क्ष − २०) = क्ष(क्ष − २०). डावीकडे फक्त ४८०० उरतात. क्ष² − २०क्ष − ४८०० = ०. अवयव पाड : (क्ष − ८०)(क्ष + ६०) = ०. क्ष = ८० किंवा क्ष = −६०. वेग ऋण नसतो म्हणून −६० सोडायचा, उत्तर ताशी ८० किमी. पडताळा : २४० ÷ ८० = ३ तास, २४० ÷ ६० = ४ तास. फरक १ तास. बरोबर.

पाठ्यपुस्तकातलं उत्तर इथे संपतं. मला मात्र तुला त्या टाकून दिलेल्या −६० कडे पुन्हा बघायला लावायचं आहे. क्ष म्हणजे पावसाळ्यातला वेग मानला असतास तर? समीकरण झालं असतं २४०/क्ष − २४०/(क्ष + २०) = १, आणि सोडवल्यावर क्ष² + २०क्ष − ४८०० = ०. त्याची उत्तरं ६० आणि −८०. आकडे तेच, चिन्हं अदलाबदल झालेली! पहिल्या समीकरणात टाकाऊ ठरलेला −६० हा दुसऱ्या समीकरणाचं खरं उत्तर उणे चिन्ह लावून उभा होता. यात योगायोग नाही. पहिल्या समीकरणात क्ष च्या जागी −य घालून बघ, पायरीपायरीने ते थेट दुसरं समीकरण होतं. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला फार आनंद झाला होता, तो अजून आहे. तूही करून बघ, दहा मिनिटांचं काम आहे. ऋण उत्तर नुसतं खोडण्यापेक्षा ते कुठून आलं हे कळलं की वर्गसमीकरणाची भीती राहत नाही.

रेल्वेचा विषय निघालाच आहे तर बोगद्याचं सांगतो, कारण तिथे मुलं ‘अंतर’ कुठलं तेच चुकतात. उक्षी आणि भोके या स्थानकांमध्ये करबुडेचा बोगदा लागतो, सुमारे साडेसहा किलोमीटर लांब. २०१३ साली काश्मीरमधला पीर पंजाल बोगदा सुरू होईपर्यंत देशातला सर्वांत लांब रेल्वे बोगदा हाच होता. समज, गाडी अर्धा किलोमीटर लांब आहे (वीस-बावीस डबे जोडले की साधारण एवढी होते) आणि वेग ताशी ६० किमी, म्हणजे मिनिटाला १ किमी. बोगदा पार करायला किती वेळ?

वर्गात दोन उत्तरं येतात आणि भांडण लागतं. खिडकीशी बसलेल्या माणसाला साडेसहा मिनिटं काळोख दिसतो. पण बाहेर रुळाजवळ उभं राहून ‘इंजिन आत शिरलं’ तिथपासून ‘शेवटचा डबा बाहेर पडला’ इथपर्यंत मोजलं तर सात मिनिटं. दोन्ही बरोबर. खिडकीतला माणूस हा एक ठिपका आहे, तो बोगद्याएवढंच अंतर जातो. पूर्ण गाडी पार व्हायची तर इंजिनाला बोगदा अधिक गाडीची लांबी एवढं जावं लागतं. पुस्तकात ‘गाडीने पूल ओलांडला’ असं वाक्य येतं तेव्हा त्याचा अर्थ हा दुसरा असतो. याच्यावरून उलटं उदाहरणही करता येतं : वेग आणि दोन वेळा दिल्या आहेत, गाडीची लांबी काढा. लांबी क्ष किमी मानली, तर ६.५ + क्ष = ७, इतकं साधं. पुढच्या वेळी रेल्वेने रत्नागिरीला जाताना मोबाइलवर काळोख मोज आणि गाडीचा सरासरी वेग काढ. तुला रेल्वेने दिलेला कागद लागणार नाही.

आता तुझ्या दारातलं उदाहरण. प्रवाहाची गणितं मुलांना सर्वांत नकोशी वाटतात आणि खाडीकाठच्या मुलांना ती सर्वांत सोपी जायला हवीत. सुकतीच्या, म्हणजे ओहोटीच्या वेळी पाणी समुद्राकडे ओढतं हे तुला सांगायला नको. त्या ओढीबरोबर होडी गेली तर दोन्ही वेगांची बेरीज, उलट गेली तर वजाबाकी. होडीचा संथ पाण्यातला वेग क्ष, पाण्याचा वेग य. ओढीबरोबर क्ष + य, विरुद्ध क्ष − य. पूर्वी दाभोळहून चिपळूणजवळच्या गोवळकोटकडे वर जाणारी गलबतं भरतीचं पाणी धरून निघत, ती याच बेरजेसाठी.

उदाहरण : सुकतीच्या ओढीबरोबर २४ किमी आणि ओढीविरुद्ध ८ किमी जायला होडीला एकूण ३ तास लागतात. ओढीबरोबर १२ किमी आणि विरुद्ध १६ किमी जायलाही ३ तासच लागतात. होडीचा आणि पाण्याचा वेग काढा.

पुस्तकातल्या रीतीने २४/(क्ष + य) + ८/(क्ष − य) = ३ असं लिहितात, मग १/(क्ष + य) च्या जागी दुसरं अक्षर घालतात. मुलं ते अक्षर यंत्रासारखं घालतात आणि शेवटी परत क्ष, य कडे यायला विसरतात. त्या अक्षराला अर्थ आहे, तो धर. म म्हणजे ओढीबरोबर एक किलोमीटर जायला लागणारी मिनिटं. न म्हणजे विरुद्ध एक किलोमीटर जायला लागणारी मिनिटं. मग अपूर्णांक उरतच नाहीत :

२४म + ८न = १८०
१२म + १६न = १८०

दुसऱ्याला २ ने गुण : २४म + ३२न = ३६०. त्यातून पहिलं वजा कर : २४न = १८०, न = ७.५. मग म = ५. ओढीबरोबर किलोमीटरला ५ मिनिटं, म्हणजे ताशी १२ किमी. विरुद्ध साडेसात मिनिटं, म्हणजे ताशी ८ किमी. क्ष + य = १२ आणि क्ष − य = ८, म्हणून होडी ताशी १० किमी, पाणी ताशी २ किमी.

हे फळ्यावर झाल्यावर एका वर्षी एका मुलाने हात वर केला. त्याच्या घरची होडी होती. तो म्हणाला, ‘सर, पाणी तीन तास एकाच जोराने ओढत नाही.’ अगदी खरं. भरती संपून सुकती लागते आणि सुकती संपून पुन्हा भरती, हे पालटणं साधारण सव्वासहा तासांनी होतं. पालटण्याच्या आसपास पाणी जवळजवळ थांबलेलं असतं, मधल्या तासांत ओढ सर्वांत जास्त. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ती आणखी वाढते, अष्टमीच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटी सौम्य असते तेव्हा, कमी होते. गणितात ‘पाण्याचा वेग ताशी २ किमी’ म्हणतो, तेव्हा हे सगळं आपण मुद्दाम सपाट करून घेतलेलं असतं. मी मुद्दामच ३ तासांचं उदाहरण घेतो, म्हणजे निदान एका सुकतीत ते बसतं. दहा तासांचं उदाहरण कुणी खाडीवर मांडलं तर तू हरकत घे, कारण तेवढ्या वेळात पाणी उलटं फिरलेलं असेल. एसटीचा वेग ४० आणि गाडीचा ८० हेही असंच सपाट केलेलं, सरासरी असतं. हे ओळखणारी मुलगी गणितात कच्ची नसते.

सरासरी वेग हा शब्द आला, तर त्यातला सापळाही बघून घे. रत्नागिरीहून आंब्याच्या पेट्या भरलेला टेम्पो आंबा घाट चढताना ताशी २० किमी जातो, रिकामा होऊन तोच घाट उतरताना ताशी ३० किमी. दोन्ही वेळचा मिळून सरासरी वेग? निम्मा वर्ग २५ म्हणतो. घाटाची लांबी दिलेली नाही म्हणून उरलेला निम्मा वर्ग गप्प बसतो. लांबी दिलेली नसेल तर आपण द्यायची, क्ष किमी. चढायला क्ष/२० तास, उतरायला क्ष/३०. एकूण वेळ क्ष/१२. एकूण अंतर २क्ष. भागाकार केला की क्ष निघून जातो आणि २४ उरतात. पंचवीस का नाही? कारण टेम्पो २० च्या वेगात जास्त वेळ अडकलेला असतो, म्हणून सरासरी त्याच्या बाजूला झुकते. न दिलेल्या गोष्टीला बिनधास्त अक्षर दे, तिची गरज नसेल तर ती आपण होऊन जाते.

आणि याच घाटाचा पुढचा प्रश्न मला फार आवडतो. चढताना वेग २० होता. उतरताना किती वेगाने उतरावं म्हणजे सरासरी ४० येईल? मुलं लगेच ६० म्हणतात. मांडून बघ. उतरण्याचा वेग य, तर एकूण वेळ क्ष/२० + क्ष/य. सरासरी ४० यायची तर २क्ष अंतराला एकूण वेळ क्ष/२० च हवा. म्हणजे क्ष/य = ० व्हायला हवं, आणि ते कुठल्याच वेगाने होत नाही. ४० च्या सरासरीसाठी जेवढा वेळ हाती होता, तेवढा सगळा चढण्यातच संपला. बीजगणित कधी कधी ‘असं होणारच नाही’ हेही सांगतं, आणि ते अंदाजाने कधी कळलं नसतं.

एककांबद्दल थोडक्यात. १५ मिनिटं म्हणजे ०.१५ तास नाही, १/४ तास. १ तास २० मिनिटं म्हणजे १.२० तास नाही, ४/३ तास. तपासलेल्या पेपरांत रीत बरोबर असून इथे गुण गेलेले मी इतके पाहिले आहेत की वाईट वाटतं. दशांश लिहूच नकोस, अपूर्णांकच लिही. वेग ताशी किलोमीटरमध्ये असेल तर पहिल्या ओळीतच सगळ्या वेळा तासांत करून घे. किमी/तासचे मी/से करायचे तर ५/१८ ने गुण. ते पाठ करण्याआधी एकदा १००० भागिले ३६०० स्वतः करून बघ. गाडी मधे क्रॉसिंगला थांबली असेल (आपल्याकडे मार्ग बहुतेक एकेरी, त्यामुळे थांबावंच लागतं), तर थांबलेली मिनिटं वेळेत धरायची की नाही हे उदाहरणाचं वाक्य नीट वाचून ठरव. परीक्षेत ‘मानू’ ची ओळ, समीकरण आणि शेवटचं उत्तर एककासह वाक्यात, या तिन्ही गोष्टी लिही. पायऱ्यांना गुण असतात, आणि पडताळा कच्च्या कामात का होईना, पण कर.

सराव किती करायचा? रोज दहा उदाहरणं सोडव असं मी सांगणार नाही. दोन घे, पण प्रत्येक दोनदा कर, दुसऱ्यांदा क्ष वेगळ्या गोष्टीला मानून. आठवड्यातून एक उदाहरण स्वतः तयार कर. आधी उत्तर ठरव, मग त्यावरून गोष्ट लिही. वरची सगळी मी तशीच केली आहेत. आधी ८० आणि ६० ठरवले, मग २४० शोधले. उदाहरण घडवणाऱ्याला समीकरण आतून दिसतं.

आता हे एक तुझ्यासाठी गो. तुझ्या गावातून जेट्टीपर्यंत एक मुलगी चालत जाते. ताशी ४ किमी वेगाने गेली तर फेरीबोट सुटून १० मिनिटं झाल्यावर पोहोचते. ताशी ६ किमी वेगाने गेली तर बोट सुटायच्या ५ मिनिटं आधी पोहोचते. दोन्ही वेळा ती घरून एकाच वेळी निघते. जेट्टी किती लांब आहे? आणि बोट ७ वाजताची असेल तर ती घरून निघते कधी? आधी जेट्टी २ किमीवर आहे असं धर. ते चूक आहे. ते चूक का, हे दाखवणारी तपासणी आकडेमोड न उरकता लिही, मग २ च्या जागी क्ष ठेव. त्यानंतर क्ष म्हणजे अंतर न मानता, घरून निघाल्यापासून बोट सुटेपर्यंतचा वेळ मानून तेच पुन्हा कर. मला उत्तर पाठवू नकोस, ते दोन कागद पाठव.